सेइजिनशिकीची शिन-निहोंगामी: आधी केस, मग किमोनो

यंदा १२ जानेवारीला आमच्या थोरलीची सेइजिनशिकी झाली. अंगावर फुरिसोदे, म्हणजे लांब लोंबत्या बाह्यांचा किमोनो, आणि डोक्यावर स्वतःच्याच केसांची शिन-निहोंगामी, म्हणजे जुन्या जपानी घाटाची केशरचना. फोटो गेल्यापासून टोकियोतल्या निशि-कासाइपासून योकोहामापर्यंतच्या ओळखीच्या आया विचारताहेत: कुणाकडे केलं, किती पडले, कधी बुक केलं, गंगावन लावलं का. प्रत्येकीला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. ज्यांच्या मुली आत्ता सतरा-अठराच्या आहेत त्यांनी तर जरूर वाचा, कारण या कामाला वाटतं त्याच्या खूप आधी लागावं लागतं. आणि एवढ्यातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: आधी केसांचं ठरवा, मग किमोनोचं. इथली दुकानं सगळ्यांना उलट्या क्रमाने नेतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेइजिनशिकी म्हणजे जपानमधला, मुलं सज्ञान झाल्याचा समारंभ. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी देशभर त्याची सुट्टी असते. १ एप्रिल २०२२ पासून कायद्याने सज्ञान होण्याचं वय वीसवरून अठरावर आलं, पण अठराव्या वर्षी मुलं ऐन जानेवारीत प्रवेश परीक्षांत बुडालेली असतात. म्हणून बहुतेक नगरपालिकांनी समारंभ विसाव्या वर्षीच ठेवला, फक्त त्याचं नाव बदललं. बोलताना सगळे अजून सेइजिनशिकीच म्हणतात. २ एप्रिल २००५ ते १ एप्रिल २००६ या काळात जन्मलेल्यांची यंदा पाळी होती.

परदेशी मुलांना बोलावतात का, ही माझी पहिली शंका. बोलावतात. निमंत्रण रहिवासी नोंदणीवरून निघतं आणि २०१२ पासून परदेशी नागरिकही त्याच नोंदणीत असतात. आमच्या लेकीचा पासपोर्ट भारतीय, तरी पत्र आलं. मात्र मूल शिकायला दुसऱ्या शहरात गेलं असेल आणि पत्ताही तिकडे हलवला असेल, तर बोलावणं तिकडून येतं. शाळेच्या जुन्या मैत्रिणींबरोबर जायचं असेल तर जुन्या वॉर्ड ऑफिसला स्वतःहून विचारायला लागतं. अर्ज घेतात का आणि कधीपर्यंत, हे प्रत्येक ठिकाणी निराळं असतं. उन्हाळ्यातच विचारून ठेवलेलं बरं.

आमच्याकडे याची सुरुवात झाली २०२३ मध्ये, थोरली बारावीत असताना. टपालपेटीत फुरिसोदेचे जाडजूड कॅटलॉग पडायला लागले. मग फोन. ‘मुलीचं नाव अमुक ना? तिची सेइजिनशिकी २०२६ ला ना?’ मी घाबरलेच, यांना कुणी सांगितलं? शेजारच्या बाई हसल्या, म्हणाल्या सगळ्यांच्याच घरी येतात. २०२४ च्या वसंतात आम्ही एक-दोन दुकानांत डोकावून आलो. मापं घेतली, चहा दिला, आणि आजच सही केलीत तर एवढी सूट, असा लकडा लावला. थोरलीचं काही ठरेना. ‘आई, घाई नको,’ म्हणाली आणि आम्ही निघून आलो. हे योगायोगाने फार बरं झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या जोडसुट्टीत क्योटोला गेलो होतो. तिथल्या यासुइ कोम्पिरागू देवळात सप्टेंबरच्या चौथ्या सोमवारी फण्यांचा उत्सव असतो. जुन्या, मोडक्या फण्या आणि कान्झाशी, म्हणजे केसांत खोवायचे दागिने, फेकून न देता देवळात आणून वाहायच्या, त्यांची पूजा करायची. देवळाच्या आवारात फण्यांची समाधीच आहे. त्यानंतर मिरवणूक निघते: प्राचीन काळापासून आजच्या माइकोपर्यंतच्या (माइको म्हणजे शिकाऊ गेइशा) केशरचना केलेल्या बायका, त्या त्या काळच्या पोशाखात, गिओन या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून चालत जातात. टोप नाहीत, सगळे स्वतःचे केस बांधलेले. आम्ही गर्दीत टाचा उंचावून बघत होतो. एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) केशरचना जवळून गेल्या तेव्हा थोरली गप्प झाली. कानावरचे केस पंख्यासारखे पसरलेले, इतके पातळ की पलीकडचं दिसावं. परतीच्या शिनकान्सेनमध्ये म्हणाली, ‘मला हे हवंय. कुरळ्या बटा आणि वाळलेली फुलं नकोत.’ सध्या बहुतेक मुली तेच करून घेतात, म्हणून हे स्पष्टीकरण.

आता ‘हे’ म्हणजे नेमकं काय, ते शोधताना कळलं की दोन वाटा आहेत. एक अस्सल निहोंगामी. त्यात केसांना बिनत्सुके लावतात. ते मेण आणि तेल एकत्र करून केलेलं घट्ट, सुवासिक मलम असतं, सुमो पैलवानांच्या शेंडीलाही तेच लागतं. गाठी कागदाच्या पिळलेल्या दोरीने मारतात. माइको मुली अशीच रचना आठवडाभर मोडू देत नाहीत आणि रात्री मानेखाली उंच उशी घेऊन झोपतात. दुसरी वाट शिन-निहोंगामी, म्हणजे नवी निहोंगामी. दुसऱ्या महायुद्धानंतर बायकांचे केस आखूड झाले, पर्म आला, स्प्रे आला. त्या केसांवर जुन्या रचनेचा घाट उतरवायची ही पद्धत. गरम रोलरने केसांना वळण द्यायचं, आतून उलटा कंगवा मारून ते फुगवायचे, पोकळ जागी केसांच्याच गाद्या भरायच्या आणि वरून स्प्रे. रात्री धुऊन टाकता येते. सोमवारी समारंभ आणि मंगळवारी कॉलेज असलेल्या मुलीला हीच शक्य होती.

काही जपानी बायका याला नकली म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. १८८५ मध्ये टोकियोत बायकांच्या साध्या केशरचनेसाठी फुजिन सोकुहात्सुकाइ नावाची संस्था निघाली होती. तिचं म्हणणं असं की निहोंगामी दुखते, धुता येत नाही म्हणून आरोग्याला वाईट आणि खर्चिक. तिन्ही आक्षेप खरे होते. शिन-निहोंगामीने त्यातला धुण्याचा प्रश्न तरी सोडवला. दुखण्याचं आणि खर्चाचं पुढे येईलच.

ऑक्टोबर २०२४ पासून बांधणारी बाई शोधायला लागले. जपानमध्ये केस कापायचा सरकारी परवाना असला म्हणजे निहोंगामी येते असं नाही, परीक्षेत ती बांधून दाखवावी लागत नाही. जवळच्या पार्लरांत विचारलं तर ‘त्या धर्तीचं करून देऊ’ म्हणत. त्या धर्तीचं म्हणजे मागे अंबाडा आणि त्यात भरपूर फुलं. इथे एक युक्ती सांगते. ‘शिन-निहोंगामी करता का’ असं विचारू नका. ‘या ऋतूत तुम्ही बांधलेल्या शिन-निहोंगामीचा मागून आणि बाजूने काढलेला फोटो दाखवाल का’ असं विचारा. पुढून सगळ्याच छान दिसतात. खरी परीक्षा मानेवरच्या फुग्याची आणि कानामागच्या जोडाची.

शेवटी सापडल्या त्या सेन्सेई (इथे गुरुबाईंना असंच म्हणतात) सत्तरीच्या घरातल्या. आमच्यापासून सायकलवर पंधरा मिनिटांवर त्यांचं जुनं, दोन खुर्च्यांचं पार्लर. वेबसाइट नाही, फक्त फोन. नाव नोंदवायला गेलो तर म्हणाल्या, आधीच्या वर्षीची सेइजिनशिकी उरकली की पुढच्या वर्षीची वही उघडते. ती होती १३ जानेवारी २०२५ ला. मंगळवारी टोकियोतली बरीचशी पार्लरं बंद असतात, म्हणून बुधवारी, १५ तारखेला सकाळी नऊच्या ठोक्याला फोन लावला. लागला तो दहाला. पहाटे चारची वेळ मिळाली. मी नाराज झाले तर त्या म्हणाल्या, ‘शिन-निहोंगामी सगळ्यात आधीच घेते. ती दिवसभर हलत नाही. सैल बटावाल्या मुलींना मी शेवटी घेते.’ दहा हजार येन आगाऊ, रोख. पावतीवर हाताने लिहिलेली वेळ.

मगच किमोनो. जानेवारीच्या शेवटी दुकानात गेलो तेव्हा काही रंग-नक्षी गेलेल्या होत्या, पण केसांची वेळ हातात असल्यामुळे बोलणी सोपी झाली. भाड्याचं पॅकेज २ लाख ३८ हजार येन. त्यात फुरिसोदे, ओबी म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, आतले सगळे कपडे, झोरी म्हणजे चपला, समारंभाआधीचं स्टुडिओतलं फोटोसेशन, आणि समारंभाच्या दिवसाचे केस व नेसवणं. वाचायला छान. पण त्या दिवसाचे केस म्हणजे एका हॉलमध्ये रांगेने बसवून प्रत्येकीला अर्धा तास, वेळ चिठ्ठ्या टाकून ठरणार, आणि निहोंगामी करत नाहीत. आम्ही ते वापरणार नाही म्हटल्यावर पैसे वजा करता येणार नाहीत, असं नम्रपणे सांगितलं. त्यांनी बसवलेल्या चौकटीतून बाहेर पडलात की दोनदा पैसे जातात, हे गृहीत धरूनच चला.

कराराबद्दल दोन शब्द, हे कुणी सांगत नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलीने एकटीने सही केली तर ती सही पूर्ण धरतात. अल्पवयीन आहे म्हणून आईबापांना करार मोडता येत असे, तो हक्क २०२२ नंतर अठरा-एकोणीसच्या मुलांसाठी उरला नाही. आपण आपल्या पायांनी दुकानात जाऊन सही केली की कूलिंग-ऑफ, म्हणजे ठरावीक दिवसांत करार मोडायची मुभा, तीही लागू होत नाही. म्हणून रद्द करण्याच्या दराचा तक्ता आधी मागून घरी आणा. शंका आली तर १८८ हा ग्राहक मदतीचा नंबर आहे. आणि दुकान किती जुनं आहे तेही बघा. २०१८ च्या सेइजिनशिकीला, ऐन सकाळी, योकोहामाकडची एक भाड्याची कंपनी बंद पडली होती आणि शेकडो मुली किमोनोवाचून राहिल्या होत्या. आमच्या शेजारीण बाई अजून तो किस्सा सांगताना हात कपाळाला लावतात.

फेब्रुवारीत सेन्सेईंनी थोरलीचे केस बघायला बोलावलं. आमच्या जाड, लाटालाटांच्या केसांना बघून त्या कंटाळतील अशी मला धास्ती होती. त्या खूश झाल्या. सरळ गुळगुळीत केस उलट्या कंगव्याला दाद देत नाहीत, सुटून येतात. वळणदार केस धरून राहतात, फक्त वरचा थर तेवढा सरळ करून घ्यावा लागतो. पण लेयर्स नडत होते. त्यांच्या अटी अशा: मागचे केस छातीपर्यंत, पुढची झालर वाढवून हनुवटीपर्यंत, वर्षभर फक्त टोकं कापायची तीही त्यांच्याकडेच, आणि केस भुरे करायचे नाहीत. भुऱ्या केसांत पिना आणि गाद्या दिसतात. झालर वाढवणं हे सगळ्यात जिकिरीचं निघालं. एप्रिल-मेमध्ये ती धड कानामागे जाईना, धड कपाळावर राहीना. थोरली दिवसभर चिमटे लावून फिरायची आणि माझ्यावर चिडायची.

चिपळूणहून सासूबाईंचे फोन. ‘अगं, तिला तेल लावतेस की नाही?’ खोबरेल तेलाचं पार्सलच आलं. सेन्सेईंना विचारलं तर म्हणाल्या, आठवड्यातून एकदा रात्री लावून सकाळी धुवा, हरकत नाही, आमच्या आज्या कॅमेलियाचं तेल लावायच्या, त्यातलंच हे. पण बांधायच्या आधीचे तीन दिवस थेंबसुद्धा नको. मेंदी लावता का, हेही त्यांनी विचारलं. मेंदीने केस कडक होतात, शेवटच्या दोन महिन्यांत लावू नका म्हणाल्या.

जूनमध्ये स्टुडिओतलं फोटोसेशन. हे बहुतेक जण वसंतात किंवा उन्हाळ्यात उरकतात. तेव्हा गर्दी कमी असते आणि स्वस्त पडतं, पण किमोनोचे थर आणि जूनची दमट हवा म्हणजे घामाच्या धारा. आम्ही ठरवलं, याच दिवशी केसांची तालीम करून घ्यायची. वेगळी तालीम केली असती तर त्याचे वेगळे पैसे पडले असते. स्टुडिओने बाहेरून केस बांधून यायला परवानगी दिली.

सेन्सेईंनी आधी विचारलं, कुठली हवी? निहोंगामीचे प्रकार वयाप्रमाणे आणि लग्नाप्रमाणे ठरलेले. मोमोवारे लहान मुलींची. मारुमागे लग्न झालेल्या बायकांची. बुंकिन ताकाशिमादा नवरीची. थोरलीने फोनमध्ये जो फोटो आवडीने ठेवला होता तो नेमका नवरीचा. सेन्सेई हसून म्हणाल्या, ‘हा लग्नाला राखून ठेव.’ मग युइवाताच्या घाटावर ठरलं: शिमादा पद्धतीचा बुचडा आणि त्याला मधोमध लाल बुट्टीदार रेशमी पट्टी. कुमारिकांची रचना.

त्या दिवशी मी स्टुलावर बसून सगळं पाहिलं. आदल्या रात्री केस धुतलेले, पण कंडिशनर नाही आणि मुळापर्यंत कोरडे. अंगात पुढून बटणं असलेला शर्ट. हे विसरू नका, डोक्यावरून काढायचा टी-शर्ट असेल तर पुढे कात्रीच लागेल. आधी सगळ्या डोक्याला गरम रोलर. ते थंड होईपर्यंत काहीच करायचं नाही, घाई केली तर वळण टिकत नाही. मग भाग पाडले: कपाळावरचा, कानांवरचे दोन, मानेवरचा, आणि टाळूवरचा. टाळूवरचे केस आधी घट्ट बांधून मूळगाठ तयार केली. निहोंगामीत बाकी सगळं या एका गाठीला येऊन मिळतं. ती अर्धा बोट पुढे गेली तर चेहरा पोरसवदा दिसतो, मागे गेली तर पोक्त, असं सेन्सेई आरशात दाखवत होत्या. थोरलीच्या कपाळाचा अंदाज घेऊन त्यांनी ती सोडून पुन्हा बांधली.

मग मानेवरचा फुगा, त्याला ताबो म्हणतात. आतल्या केसांना मुळाशी उलटा कंगवा मारत मारत काळ्या लोकरीसारखा गुंता केला, त्यावर केसांची गादी ठेवली आणि वरचा एक पातळ थर न विस्कटता बाजूला राखून ठेवला होता तो त्यावरून ओढून घेतला. हीच सगळी जादू, आत गुंता आणि वर आरसा. वरचा थर सेन्सेई त्सुगे नावाच्या झाडाच्या लाकडी फणीने विंचरत होत्या, दाते जेमतेम टेकवून. प्लास्टिकच्या फणीने केस वीज धरून उडतात म्हणे. मग कानांवरचे फुगे, बिन. दोन्ही सारखे व्हावेत म्हणून सेन्सेई दर मिनिटाला मागे सरून आरशात बघत. मग कपाळावरचा भाग, माएगामी, जिथे आमची ती छळणारी झालर अखेर कामी आली. सगळ्यात शेवटी वरचा बुचडा. गंगावन लागलं का, याचं उत्तर: बुचड्यात थोडं, आतून. बाहेर दिसतात ते सगळे तिचे.

पावणेदोन तास लागले. थोरली उठली तेव्हा मान एकदम ताठ, चाल बदललेली. मला जरा रडूच आलं, ते मी रोलरच्या वाफेवर ढकललं.

या तालमीतून तीन गोष्टी कळल्या. उजव्या कानामागे एक पिन टोचत होती, ती जागा सेन्सेईंनी वहीत लिहून घेतली. जुन्या टॅक्सीत हे डोकं मावत नाही. २०१७ नंतर आलेली उंच छताची टॅक्सी मागवायची आणि आधी पाठमोरं सीटवर बसायचं, मग डोकं आत न्यायचं. आणि फोटोत पुढून बुचडा दिसतच नव्हता, म्हणून तो दोन बोटं उंच करायचं ठरलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस निमंत्रणाचं पत्र आलं: वेळ, सभागृह, आणि पत्र सोबत आणा अशी सूचना. ते फ्रिजवर लावलं. डिसेंबरात किमोनोचं सामान ताब्यात घेऊन सेन्सेईंकडे पोचवलं, कारण नेसवणारही त्यांच्याकडच्याच बाई. सामान देताना यादी घेऊन एकेक वस्तू टिकमार्क करून द्या. कमरेच्या दोऱ्या, ओबीखालची फळी, ओबीची उशी, कॉलरमधली पट्टी. आमच्या पिशवीत कॉलरची पट्टी नव्हती. दुकानाने दुसऱ्या दिवशी पाठवली, पण हे ११ जानेवारीच्या रात्री कळलं असतं तर काय केलं असतं!

कान्झाशी सेन्सेईंकडून भाड्याने घेतल्या. रेशमाचे छोटे चौकोन चिमट्याने दुमडून, चिकटवून केलेली फुलं, त्याला त्सुमामी कान्झाशी म्हणतात. पुढे लाखेची फणी, बाजूला लोंबत्या पाकळ्या. आणि एक त्यांनी आपणहून काढून दिली: भाताच्या लोंब्यांची. नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात गेइको (क्योटोतल्या गेइशा) आणि माइको डोक्यात खरी लोंबी खोवतात, तिच्यावर चिमुकलं पांढरं कबुतर असतं. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी ती पाहिली आणि लगेच म्हणाल्या, ‘हे तर नवं!’ कोकणात दसऱ्याला आम्ही दाराला लोंब्या बांधतो, त्यालाच ‘नवं’ म्हणतात. त्याच त्यांना दिसल्या. गजरा का नाही, ही त्यांची तक्रार तिथेच मिटली.

१२ जानेवारी. टोकियोत शेवटची लोकल मध्यरात्री एकच्या आसपास आणि पहिली पहाटे साडेचारच्या पुढे. म्हणजे चारच्या वेळेला गाडी, सायकल किंवा पायी. त्या पहाटे टॅक्सी मिळत नाहीत, सगळ्या शहराच्या मुली त्याच वेळी निघालेल्या असतात. आम्ही सायकलींवर गेलो. हातमोजे घालूनही बोटं बधिर. पार्लरचा दिवा लांबूनच दिसत होता. आत एका खुर्चीवर थोरली, दुसरीवर मेकअपसाठी एक मुलगी, आणि दोन आया दाराशी पाय आखडून बसलेल्या.

या वेळी सेन्सेईंचे हात जूनपेक्षा जलद चालले, साडेपाचच्या आतच केस झाले. त्याआधी थोरलीला केळं आणि दोन ओनिगिरी (भाताचे गोळे) खायला लावल्या होत्या. हे आधीच खायचं, कारण ओबी बांधल्यावर घास उतरत नाही. नेसवायला पाऊण तास. सात वाजता आम्ही मोकळ्या आणि समारंभ अकराला. घरी जाऊन थोरली सोफ्याच्या काठावर पुतळ्यासारखी बसून राहिली. टेकायचं नाही, झोपायचं नाही. सभागृहाबाहेर शेकडो मुली, पांढऱ्या शाली खांद्यांवर. निहोंगामी बांधलेल्या आम्हाला फार थोड्या दिसल्या. एक अनोळखी आजीबाई थांबल्या, थोरलीच्या मागे फिरून ताबो बघितला आणि ‘कोणी बांधली?’ एवढंच विचारलं. आत भाषणं झाली, वॉर्डप्रमुखांचं अभिनंदन झालं. आम्हा आईबापांना बाहेरच थांबावं लागलं, म्हणून त्याचं मी काही लिहीत नाही.

दुपारी तीनपासून थोरलीचं डोकं ठणकायला लागलं. टाळूची गाठ आणि कानाच्या वरचा ताण. मैत्रिणींबरोबरचं संध्याकाळचं जेवण तिने कपडे बदलून, पण केस तसेच ठेवून उरकलं. रात्री दहाला येऊन म्हणाली, ‘आई, काढ आता हे.’

सोडवण्याचं कुणीच नीट सांगत नाही, म्हणून सांगते. लगेच शॅम्पू करू नका. स्प्रे आणि उलटा गुंता यांचा पाण्याने दगड होतो. आधी पिना सगळ्या काढा, मुळाशी बोटं फिरवून पुन्हा शोधा. मग गाद्या काढा, त्या परत करायच्या असतात. मग कोरड्या केसांवरच भरपूर कंडिशनर चोपडून दहा मिनिटं थांबा, टोकाकडून वर बोटांनीच सोडवत या. त्यानंतर कोमट पाणी आणि शॅम्पू दोनदा. आम्हाला तास-सव्वा तास लागला आणि तरी एक पिन सकाळी उशीवर सापडली. डोकेदुखी झोपेने गेली. मूळगाठीची जागा मात्र दोन दिवस हुळहुळी होती. तिथे मग सासूबाईंचं खोबरेल तेल चालून गेलं.

केसांचा हिशेब वेगळा काढून देते, पॅकेज सोडून. जूनची तालीम-कम-फोटो १९,८०० येन. समारंभाच्या दिवशीची रचना २२,०००. पहाटेचा अधिभार ५,५००. कान्झाशीचं भाडं ८,८००. एकूण ५६,१०० येन. सेन्सेईंकडे नेसवण्याचे १६,५०० वेगळे. मोठ्या पार्लरांत याहून जास्त सांगत होते. अस्सल निहोंगामी बिनत्सुके लावून स्वतःच्या केसांची करून घ्यायची असेल तर वेळ आणि पैसा दोन्हीची तयारी आणखी ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीची सुट्टीसुद्धा घ्या.

फेब्रुवारीत थोरलीने केस कापून टाकले. इथे बऱ्याच मुली सेइजिनशिकीसाठी वाढवलेले केस नंतर आजारी मुलांच्या टोपांसाठी देतात. जेएचडी अँड सी (JHD&C) नावाची ओसाकाची संस्था आहे, तिला किमान ३१ सेंटिमीटर लांबीचे केस लागतात. पूर्ण कोरडे असतानाच कापायचे, रबरबँडने जुडी घट्ट बांधून त्याच्या वर कात्री लावायची. ओले पाठवले तर बुरशी धरते. सेन्सेईंनीच मापून कापले, कापायचे पैसे घेतले नाहीत. लेयर्समुळे कडेच्या एक-दोन जुड्या ३१ ला कमी भरल्या, त्या काढून ठेवल्या. टपालाने जाड पाकीट गेलं. धाकटीची पाळी २०२९ च्या जानेवारीला आहे. सेन्सेई म्हणाल्या, त्यांच्या गुडघ्यांचा भरवसा नाही, वहीत नाव तर लिहून ठेवू, पण तिची झालर आत्तापासून कापू नका.